शिवी, आडनाव आणि डोमेन: वाचकांचे प्रश्न

डोमेन नाव म्हणजे इंटरनेटवरील पत्ता. त्या पत्त्यात कोणता शब्द असावा आणि कोणता नसावा हे कोणी ठरवायचे, या एकाच विषयावर या महिन्यात पालघरपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आहेत. विषय वाटतो तितका किरकोळ नाही, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमचे आडनाव शितप. घरालगतच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. मुलाने आडनाव इंग्रजी अक्षरांत घालून डोमेन विकत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विक्रेत्याच्या संकेतस्थळाने ‘नावात अनुचित शब्द आहे’ असे सांगून व्यवहार थांबवला. आमच्या आडनावात अनुचित ते काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर: आपल्या आडनावात अनुचित काहीही नाही. अडचण एवढीच आहे की ते रोमन लिपीत लिहिले की पहिली चार अक्षरे एस, एच, आय, टी अशी येतात, आणि ती लागोपाठ आली की इंग्रजीतील विष्ठावाचक असभ्य शब्द तयार होतो. विक्रेत्याच्या संगणकाकडे नकोशा शब्दांची यादी असते. तो अर्थ पाहत नाही, उच्चार पाहत नाही. अक्षरांची ती मालिका नावात कुठे सापडते का, एवढेच तपासतो. म्हणून शितप आणि शितूत ही आडनावे आरंभीच अडकतात, तर दीक्षित हे आडनाव ‘के, एस, एच’ अशा स्पेलिंगने लिहिले तर शेवटी अडकते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही नावे जगातल्या कुठल्या तरी यंत्राला घाण वाटावीत, याची आपल्याला चीड आली असेल तर ती योग्यच आहे.

हा प्रकार नवा नाही. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना १९९६ मध्ये ‘एओएल’ या कंपनीच्या सेवेत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक अश्लील इंग्रजी शब्द दडलेला होता. १९९८ मध्ये ‘शिताके’ या जपानी अळंबीच्या नावाचे डोमेन मागणाऱ्याला याच चार अक्षरांमुळे नकार मिळाला. त्या काळी ‘डॉट कॉम’ नावे देण्याचा मक्ता अमेरिकेतील नेटवर्क सोल्यूशन्स या एकाच कंपनीकडे होता, आणि जॉर्ज कार्लिन या विनोदवीराच्या एकपात्री कार्यक्रमामुळे तिथे ‘सात घाणेरडे शब्द’ म्हणून गाजलेले शब्द ती कोणत्याही नावात येऊ देत नसे. १९९९ मध्ये मक्ता मोडला, इतर नोंदणी कंपन्या आल्या, आणि नाकारलेली नावे शेजारच्या दुकानात मिळू लागली. यादी लावून कोणाचे नेमके काय राखले गेले, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर मुलाला दुसऱ्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नावे नोंदवून देणाऱ्या विक्रेत्याकडे, तेच नाव मागायला सांगावे. आक्षेप बहुधा त्या एका विक्रेत्याच्या चाळणीचा आहे, ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’च्या मूळ नोंदवहीचा नाही. त्या विक्रेत्यालाही हे आमचे आडनाव आहे असे लेखी कळवावे. आडनावाचे स्पेलिंग मात्र यंत्राच्या सोयीसाठी बदलू नये.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. विद्यार्थ्यांच्या हातात मोबाइल असताना वाटेल ते घाणेरडे शब्द घालून कोणीही संकेतस्थळाचे नाव घ्यावे, हे मला पटत नाही. नाव देतानाच असे शब्द अडवणारा कायदा सरकार का करत नाही? यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न येतोच कुठे?
— एक वाचक, पालघर

उत्तर: आपली काळजी मी मनापासून समजू शकतो. काही नावे खरोखरच सहन करण्यापलीकडची असतात, विशेषतः बालकांच्या लैंगिक शोषणाची जाहिरात करणारी. पण त्यांच्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. तो मजकूर तयार करणे, पसरवणे आणि साठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्हाच आहे, आणि तिथे कोणाच्याही स्वातंत्र्याचा मुद्दा उभा राहत नाही. आपला प्रश्न त्याच्या अलीकडच्या शब्दांचा आहे, जे गुन्हा नाहीत पण कानाला खटकतात.

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेल्या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतो, ते अनुच्छेद १९(२) मध्ये एकेक करून दिले आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी ही ती कारणे आहेत. सभ्यता आणि नीतिमत्ता तिथे आहेत, हे आपण लगेच दाखवून द्याल आणि ते बरोबर आहे. मात्र ‘एखाद्याला आक्षेपार्ह वाटणे’ हे कारण त्यात नाही, आणि या फरकाची किंमत आपल्या पालघरने मोजलेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ अ होते आणि त्यात ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवला होता. या अटकेने हादरलेली एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि श्रेया सिंघल खटल्याच्या २४ मार्च २०१५ च्या निकालाने ते कलम रद्द झाले. अशा शब्दांची व्याप्ती कोणालाच निश्चित सांगता येत नाही आणि म्हणून निरपराध बोलणेही त्यांच्या जाळ्यात येते, हे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या, आणि पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे असे सांगितले. आपण सुचवता तो कायदा केला, तर रद्द झालेला तोच निकष डोमेनच्या दारात पुन्हा उभा राहील.

आता अश्लीलतेकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली. कलाकृती किंवा मजकूर समग्रपणे, त्याच्या संदर्भासह आणि समकालीन समाजाच्या मापाने पाहावा, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. डोमेन नावाला ही कसोटी लावून पाहा. दोन टिंबांमधल्या नावाच्या भागात जास्तीत जास्त ६३ अक्षरे बसतात, आणि ज्या क्षणी ते नोंदवले जाते त्या क्षणी त्याच्यामागे एकही पान नसते. ‘बलात्कार’ हा शब्द असलेले नाव पीडितांना मदत करणाऱ्या संस्थेचे असेल की विकृत मजकुराचे, हे त्या अक्षरांवरून ठरवता येत नाही. समग्र असे काही अस्तित्वातच नसताना केलेला निवाडा अंदाजावरचा असतो, आणि अंदाज चुकला की मदत करणारी संस्थाच आधी अडवली जाते. नोंदणीच्या वेळच्या शब्दबंदीला माझा मुख्य विरोध आहे तो यामुळे.

ब्रिटनमध्ये ‘डॉट यूके’ची नोंदवही सांभाळणाऱ्या नॉमिनेट या संस्थेपुढे २०१३ मध्ये नेमका आपला प्रश्न आला होता. तिने पूर्वीचे सरकारी अभियोग प्रमुख लॉर्ड मॅकडोनाल्ड यांच्याकडून आढावा घेतला. निषिद्ध शब्दांची यादी करू नये, आक्षेपार्ह किंवा अभिरुचिहीन एवढ्या कारणाने नाव नाकारू नये, मात्र गंभीर लैंगिक गुन्ह्याचा स्पष्ट निर्देश करणारी नावे नोंदणीनंतर ४८ तासांच्या आत तपासून रद्द करावीत, असा त्यांचा सल्ला जानेवारी २०१४ मध्ये आला आणि संस्थेने तो स्वीकारला. बंदीचे क्षेत्र अरुंद, तपासणी नोंदणीनंतर आणि अंतिम निर्णय यंत्राऐवजी माणसाच्या विचाराने, ही रचना मला आपल्याकडेही योग्य वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दापोली तालुक्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तो त्यांच्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्वे यांना दंड झाला. ज्या शब्दांसाठी त्यांना दंड भरावा लागला, ते शब्द आज शाळांच्या आरोग्य शिक्षणात आहेत. कर्व्यांना आज डोमेन घ्यायचे असते, तर शब्दांच्या यादीने त्यांना पहिल्याच पायरीवर परत पाठवले असते.

मुलांसाठी शाळेत आणि घरी गाळणी जरूर लावावी. ती वाचणाऱ्याच्या बाजूची सोय आहे आणि ती लावण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. सगळ्या देशासाठी नावच जन्माला येऊ न देणे हे फार वेगळे पाऊल आहे.

प्रश्न: आमची हापूसची बाग आहे. एक व्यापारी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पेढीच्या नावापुढे ‘चोर’ जोडून डोमेन घ्यायचे आणि तिथे पुरावे मांडायचे, शिवाय आमचा खरा आंबाही तिथूनच विकायचा असा विचार आहे. हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते ना?
— एक वाचक, देवगड

उत्तर: आपल्या योजनेत तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. टीका करणे, पुरावे मांडणे आणि आंबा विकणे यांची कायदेशीर स्थिती एकसारखी नाही.

टीका करणारे डोमेन नाव घेणे मुळात गैर नाही. अमेरिकेत टॉबमन या मॉल उभारणाऱ्या कंपनीच्या नावाला निंदेचा शब्द जोडून एकाने संकेतस्थळ काढले होते, आणि २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते अभिव्यक्ती म्हणून मान्य केले. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल अधिक जवळचा आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असे म्हणत ग्रीनपीसने टाटा समूहाचे नाव आणि चिन्ह वापरून एक ऑनलाइन खेळ काढला होता, आणि तो थांबवण्याचा अंतरिम आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. वेळासच्या किनाऱ्यावर आपण ज्यांची अंडी जपतो, तीच ही कासवे. टीकेसाठी दुसऱ्याचे व्यापारचिन्ह वापरले म्हणून टीका आपोआप बेकायदा ठरत नाही, हा त्या निकालाचा आपल्याला उपयोगी पडणारा भाग आहे.

परंतु ‘डॉट इन’ नावांच्या तंटा निवारण धोरणात, म्हणजे आयएनडीआरपीमध्ये, टीकाकाराला मिळणारा बचाव हा बिगर-व्यापारी किंवा न्याय्य वापराचा आहे. त्याच पानावर आपण आपल्या पेट्यांचे दर लावले, की प्रतिस्पर्ध्याचे नाव वापरून त्याचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळवले, असे म्हणायला तो व्यापारी मोकळा होतो आणि लवादापुढे आपली बाजू लंगडी पडते. आंबा विकायचे संकेतस्थळ वेगळे ठेवा आणि दोन्हींमध्ये दुवाही देऊ नका.

‘चोर’ या शब्दाबद्दल मी आपल्याला सावध करतो. पेढीच्या नावाला चोर जोडले की ते डोमेन स्वतःच एक विधान होते, आणि ज्याने आत येऊन पुरावे वाचलेले नाहीत त्याच्यापुढेही ते उभे राहते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. सत्य आणि लोकहित एकत्र असेल तर अपवाद मिळतो, पण ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो, आणि ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा होत नाही. नावात पेढी न आणता नकली हापूस एवढाच विषय ठेवावा, असे मी सुचवेन. आत पेटीचे छायाचित्र, पावती, तारीख आणि फळाचे वर्णन द्यावे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे आणि खोटा निर्देश करून माल विकणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. तीच कागदपत्रे तिथेही कामाला येतील. बागायतदारांनी याबद्दल मोठ्या आवाजात बोलायलाच हवे.

प्रश्न: मालवणीत शिवी ही पुष्कळदा माया असते. ‘डॉट भारत’वर देवनागरीत अशी शिवी घालून खानावळीचे नाव नोंदवता येईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर: तांत्रिकदृष्ट्या येईल. देवनागरी ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध असून त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही येतात. इंग्रजी शब्दांच्या याद्यांना मालवणी शिव्यांची गंधवार्ता नसते. तरीही नाव सार्वजनिक धोरणाविरुद्ध नाही, अशी हमी नोंदणी करणारा देत असतो, हे ध्यानात ठेवावे. ‘मेल्या’ म्हणून हाक मारलेली मालवणात कोणाला लागत नाही, आणि परगावच्या पाहुण्याला ती लागू शकते. म्हणूनच अशा शब्दांची राज्यभर लागू होणारी यादी कोणाला प्रामाणिकपणे करता येईल, असे मला वाटत नाही.

प्रश्न: मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. डोमेन देणारी कंपनी खासगी असेल, तर तिच्याविरुद्ध मूलभूत हक्क मागता येतो का? आणि शेवटचा शब्द नेमका कोणाचा असतो?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: या विषयाचे मर्म आपल्या प्रश्नात आहे. अमेरिकेत २००० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या संघीय न्यायालयापुढे नेटवर्क सोल्यूशन्सच्या शब्दबंदीला आव्हान मिळाले, आणि ही कंपनी म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य राखणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीतील बंधन तिला लागू होत नाही, या भूमिकेवर दावा फेटाळला गेला. ‘डॉट यूएस’ची गोष्ट मात्र निराळी झाली, कारण ती नोंदवही अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर चालते. २०१७ च्या अखेरीस एकाने नाझींना शिवी देणारे नाव तिथे घेतले आणि ते रद्द झाले. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी सरकारला घटनेची आठवण करून दिल्यावर २०१८ मध्ये नाव परत मिळाले आणि त्या सात शब्दांची बंदीही गेली. शब्द जवळपास तेच, पण मागे सरकार आहे की दुकानदार, यावर निकाल फिरला.

देशाच्या संकेताने संपणाऱ्या नावांवर त्या देशाचा कायदा चालतो. लांब पत्ते आखूड करून देणारी एक अमेरिकी सेवा ‘डॉट एलवाय’ या लिबियाच्या संकेतावर होती. २०१० मध्ये लिबियाने आपल्या धार्मिक कायद्याचे कारण देऊन ते नाव काढून घेतले. आकर्षक दिसतो म्हणून परदेशी संकेत घेणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. डोमेन नावांचा जागतिक पातळीवर समन्वय करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमावलीत, आपण संकेतस्थळांवरील मजकुराचे नियमन करणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे.

‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’ सांभाळणारी निक्सी ही २००३ मध्ये स्थापन झालेली, ना-नफा तत्त्वावरची आणि केंद्र सरकारशी निगडित कंपनी आहे. मूलभूत हक्क मागता येतात ते मुख्यतः ‘राज्या’विरुद्ध, आणि अनुच्छेद १२ मधील त्या संज्ञेसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या अजय हसिया प्रकरणापासून लावले जाणारे निकष तिला लावून पाहणे हा आपल्यासारख्या विद्यार्थ्याने जरूर करावा असा अभ्यास आहे, आणि माझे मत ती त्यात बसावी असेच आहे. खासगी विक्रेत्याविरुद्ध हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तिथे करार चालतो, आणि ‘आमच्या मते अनुचित असेल ते’ अशा स्वरूपाचे कलम त्यात दडलेले असते. संसदेने केलेला निर्बंध न्यायालयात तपासला जातो. हे कलम सहसा कोणी तपासत नाही, म्हणून मला ते अधिक धोकादायक वाटते.

प्रश्न: आमच्या मच्छीमारांच्या गटाने एका प्रकल्पाविरुद्ध संकेतस्थळ काढले. नावात थोडा तिखट शब्द आहे. विक्रेत्याने कारण न देता नाव निलंबित केले. आता काय करावे?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर: प्रथम कारण लेखी मागावे, आणि करारातील नेमके कोणते कलम लावले ते विचारावे. सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली नाव बंद केले असेल तर गोष्ट वेगळी आहे. श्रेया सिंघलच्या निकालात हे कलम टिकले, त्यात कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते, हे पाहूनच. तेव्हा निलंबन विक्रेत्याचे स्वतःचे आहे की आदेशावरून झाले, एवढे तरी त्याच्याकडून वदवून घ्यावे.

निर्णय त्याचा स्वतःचा असेल तर नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्याची मागणी करावी. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी आयकॅनच्या नियमांनुसार हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक मागणी केल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि हस्तांतर नाकारल्यास त्याचे कारण सांगावे लागते. दोन्हींपैकी काही न झाल्यास आयकॅनकडे तक्रार करता येते. ‘डॉट इन’ असेल तर निक्सीला लिहावे. दरम्यान संकेतस्थळावरील सगळा मजकूर आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार स्वतःजवळ उतरवून ठेवावा. नाव गटातील एखाद्या व्यक्तीच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेले आहे की गटाच्या, तेही पाहावे, कारण नोंदणीदार म्हणून ज्याची नोंद असते त्याचेच म्हणणे ऐकले जाते. मुदत संपण्याची तारीखही आजच तपासावी. वाद चालू असताना नूतनीकरण राहून गेले तर नाव मोकळे होते, आणि मग तक्रारीचा निकाल आपल्या बाजूने लागूनही ते परत मिळेलच याची खात्री राहत नाही.